आधी म्हणणं, मग वेलांटी

मी सव्वीस वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक होते. रात्री आठ ते दीड. सकाळी चहा घेताना यजमान विचारायचे, "आज अग्रलेख कशावर आहे गं?" आणि मला सांगता यायचं नाही. अग्रलेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात 'परिस्थिती'ची वेलांटी दोनदा चुकली होती, हे मात्र सांगता यायचं.

त्यांना वाटायचं मी थट्टा करतेय. पण प्रूफ वाचणाऱ्याला अर्थात गुंतून चालत नाही. अर्थ कळायला लागला की डोळा पुढं पळतो, आणि पुढं पळणाऱ्या डोळ्याला कागदावरचं दिसत नाही, मनातलं दिसतं. आमच्याकडे खिळे जुळवण्याच्या काळातले एक ज्येष्ठ सहकारी होते. महत्त्वाचं पान ते शेवटच्या ओळीपासून वर वाचत यायचे. खालून वर आलं की गोष्टच तयार होत नाही, नुसते शब्द उरतात. मीही ते शिकले, आणि त्याचा मला अभिमान होता.

निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या कार्यवाहांनी विचारलं, कॉलेजच्या मुलांना लिहिण्यात मदत कराल का? मी लगेच हो म्हटलं. कराडात आमच्या वाचनालयाच्या मागं एक खोली आहे, जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींची. एक टेबल, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीला ओल. रविवारी दहा ते साडेबारा. फी नाही. मुलं पाटण, ढेबेवाडी, उंब्रज, मसूर अशा भागांतून एसटीनं येतात. कुणाचा पर्यावरणाचा प्रकल्प असतो, कुणाचं वक्तृत्वाचं भाषण, कुणाचा वार्षिक अंकासाठी लेख, कधी नोकरीचा अर्ज.

याला चार वर्षं झाली. त्यातले पहिले काही महिने मी हे काम चुकीचं केलं.

अगदी सुरुवातीच्या पावसाळ्यात एक मुलगी आली. तिला मी इथं पवनचक्कीवाली म्हणते, नाव घातलेलं तिला आवडायचं नाही. गाव पाटण तालुक्यात, वनकुसवड्याच्या पठाराच्या पोटाशी. नव्वदीच्या अखेरीपासून तिथं पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पठाराला तिकडं सडा म्हणतात, आणि पवनचक्कीला पंखा. प्रकल्पाचं नाव होतं 'पवनउर्जा : काळाची गरज'. साडेतीन फुलस्केप पानं, निळ्या पेननं, ओळी उजवीकडं चढत गेलेल्या.

मी लाल पेनचं टोपण काढलं. शीर्षकापासूनच काम निघालं, कारण 'ऊर्जा'तला ऊ दीर्घ. तो पुढं अकरा वेळा ऱ्हस्व होता. 'आनि', 'पानी', 'कारन'. वाक्य कुठं संपतं त्याचा पत्ता नाही. हंसपदं घालून राहिलेली अक्षरं समासात काढली. एकूण एकसष्ट खुणा झाल्या. मी मोजल्या, कारण सवय. चाळीस मिनिटांत तिचा कागद मी पेज प्रूफसारखा करून दिला. ती "थँक्यू काकू" म्हणाली आणि कागदाची चौघडी घालून पर्समध्ये ठेवली.

दोन आठवड्यांनी ती नवा खर्डा घेऊन आली. दीड पान. चुका फक्त चार. मी खूश होऊन म्हटलं, "बघ, किती सुधारलंस!" ती काही बोलली नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून मोबाइलमधले फोटो बघत होते. मुलांच्या कागदांचे फोटो मी काढून ठेवते. तिचे दोन्ही खर्डे शेजारी शेजारी आले. पहिल्यात तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं:

"आमचे वडील सड्यावर राखनीला असतात रात्री पंख्याचा आवाज येतो आई म्हनते झोप लागत नव्हती आता सवय झाली."

या एका वाक्यावर माझ्या पाच खुणा होत्या. 'राखणीला', 'म्हणते', दोन पूर्णविराम आणि आईच्या बोलण्याला अवतरणचिन्हं. दुसऱ्या खर्ड्यात हे वाक्य नव्हतं. त्याच्या जागी होतं, "पवनऊर्जा ही स्वच्छ व प्रदूषणमुक्त ऊर्जा आहे." शुद्ध. एकही वेलांटी इकडची तिकडं नाही. आणि त्यात सांगण्यासारखं काहीही नाही.

म्हणजे पोरगी सुधारली नव्हती. जे शब्द आपल्याला नीट लिहिता येत नाहीत ते तिनं गाळून टाकले होते. राखण गेली, सडा गेला, आई गेली. उरले ते पाठ्यपुस्तकातून जसेच्या तसे उतरवता येणारे शब्द. आणि तिचे वडील रात्री पवनचक्क्यांची राखण करतात, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. ते वाक्य माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं, मी त्यावर पाच ठिकाणी पेन टेकवलं होतं, पण मी ते वाचलं नव्हतं. खालून वर आले होते ना मी.

आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली, ती मला जास्त लागली. 'उर्जा' ही डोळ्याची चूक. निम्म्या महाराष्ट्राच्या पाट्यांवर ती तशीच आहे, तिच्याभोवती गोल काढला तर कुणाला काही वाटत नाही. 'पानी' तसं नाही. घरात जे बोलतात ते तिनं लिहिलंय. त्याच्याभोवती लाल गोल काढला की तो आईबापांच्या जिभेभोवती पडतो. आमच्या शाळेत 'ण'चा 'न' करणाऱ्या पोरांना वर्गात उभं करून चिडवायचे, आणि हसणाऱ्यांत मी असायचे. साठी उलटल्यावर तेच मी पेननं करत होते, तेही फुकट सेवा म्हणून.

माझी एक भाची अमेरिकेत पीएचडी करते. तिथल्या विद्यापीठांत रायटिंग सेंटर नावाचा प्रकार असतो. कुठल्याही विषयाच्या विद्यार्थ्यानं आपलं लिखाण घेऊन जायचं आणि कुणाबरोबर तरी बसून त्यावर बोलायचं. भाची तिथं आठवड्याचे काही तास काम करते. तिला मी व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "मावशी, पहिला अर्धा तास तुझ्या हातात पेन असतंच कशाला?" त्यांच्याकडं म्हणे लिहिणाऱ्यानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं. आधी म्हणणं काय, त्याला आधार काय, कशामागून काय येतं. स्पेलिंग आणि व्याकरण शेवटी. तिनं १९६३ सालच्या एका अहवालाचं सांगितलं: लेखन शिकवण्याबद्दल तोवर झालेलं संशोधन तपासून त्यांनी म्हटलं होतं की नुसतं औपचारिक व्याकरण शिकवल्यानं लिखाण सुधारत नाही, उलट लिहिण्याचा वेळ खाल्ला जातो म्हणून नुकसानच होऊ शकतं. आणि स्टीफन नॉर्थ म्हणून एक प्राध्यापक, त्यांचा १९८४चा लेख, की समोरचा कागद सुधारणं हे आपलं काम नव्हे, लिहिणारा सुधारणं हे काम.

मी म्हटलं, इंग्रजीचं इंग्रजीपाशी. त्यांना कुठं ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या आहेत?

पण फोन ठेवल्यावर आमचं ऑफिस डोळ्यांसमोर आलं. बातमीदाराची कॉपी आली की ती आधी कुणाकडं जायची? उपसंपादकाकडं. तो बघायचा, यात बातमी आहे का? असेल तर ती चौथ्या परिच्छेदात का दडलीय? मग चौथा परिच्छेद वर, शेवटचे दोन कापले, मथळा बदलला, बातमीदाराला फोन करून "आकडा कुणी दिला?" म्हणून विचारलं. त्यानंतर पान लागायचं, आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडं. मी साडेआठला कच्ची कॉपी हिसकावून घेऊन वेलांट्या दुरुस्त करायला बसले असते तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. जे वाक्य नऊ वाजता कापलं जाणार त्याचा उकार साडेआठला कशाला बघायचा? ही साधी अक्कल रोज रात्री माझ्यासमोर राबत होती. आणि त्या पोरीचा कच्चा खर्डा आला तेव्हा मी थेट शेवटच्या टेबलावर जाऊन बसले. तिला उपसंपादक मिळालाच नाही.

तेव्हापासून रविवारी पेन पिशवीत ठेवते. टेबलावर नाही, पिशवीत, चेन लावून. टेबलावर असलं की हात जातो.

मुलगी परत यायचं नाव काढेना. दिवाळीनंतर पुस्तक परत करायला आली तेव्हा तिला दारातच गाठलं. मागच्या खोलीत बसवलं, चहा मागवला. प्रकल्प केव्हाच जमा झाला होता, गुणही पडले होते, बरे पडले होते. म्हटलं, ते राहू दे. वडील राखणीला जातात ते सांग.

ती बोलायला लागली तशी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं पेन्सिलनं टिपत गेले, तिच्याच शब्दांत. संध्याकाळी डबा घेऊन वडील वर जातात. पावसाळ्यात धुकं एवढं असतं की पंखा दिसत नाही, नुसता ऐकू येतो. खाली गावात पावसाळ्यात झाड पडलं की दोन-दोन दिवस वीज नसते. अशाच एका रात्रीनंतर सकाळी वडील घरी आले, अंधारात चूल पेटवणाऱ्या आईकडं बघून म्हणाले, "सड्यावर एवढं पंखं फिरत्यात, आन आपल्या घरातला तेवढा बंद."

मी पेन्सिल खाली ठेवली. "हे का नाही लिहिलंस?"

ती म्हणाली, "हे लिहायचं असतं?"

बारावीपर्यंत मराठी, त्यात दरवर्षी निबंध, एकूण किती झाले असतील कोण जाणे. आणि पोरीला वाटत होतं की आपल्याला जे माहीत आहे ते लिखाणात घालायचं नसतं. घालायचं ते दुसऱ्यांनी आधी लिहिलेलं.

लेख वार्षिक अंकाला द्यायचं ठरलं. खरं काम आता सुरू झालं आणि त्यात शुद्धलेखनाचा संबंध कुठंच नव्हता. वडिलांचं वाक्य चांगलं आहे, पण त्यातून तुला म्हणायचं काय आहे? ती म्हणाली, आमची वीज शहरात नेतात. मी विचारलं, मग पंखे नकोत? ती गप्प. मग म्हणाली, "नकोत कसं? पप्पांचा पगार त्यातूनच येतो." मग आता? आता तिलाच कळेना. असं कळेनासं होणं हीच मला चांगली खूण वाटते. पहिल्या खर्ड्यात तिला सगळं कळत होतं, काळाची गरज वगैरे.

पुढच्या रविवारपर्यंत तिनं गावातल्या वायरमनला गाठलं. त्यानं जमिनीवर काडीनं रेघा मारून समजावलं: पंख्यांची वीज उच्चदाबाच्या तारांतून उपकेंद्रात जाते आणि ग्रिडमध्ये मिसळते, गावात येते ती वेगळ्याच फीडरवरून, म्हणजे वेगळ्या लाइनीवरून. डोंगरावर वारा भन्नाट असला तरी खालच्या खांबावर झाड पडलं की घरात अंधार. म्हणजे वीज कुणी पळवली नव्हती. वरच्या तारा भक्कम होत्या, खालच्या तशा नव्हत्या, एवढंच. "एवढंच" म्हटलं मी, पण लेख तिथंच बदलला. तक्रार होती तिचा प्रश्न झाला: वरच्या तारांची जेवढी काळजी घेतात तेवढी खालच्या तारांची कोण घेतं? हे तिचं तिला सापडलं. मी फक्त "मग?" म्हणत बसले होते. कधीकधी तेही म्हटलं नाही, फरसाण पुढं केलं.

एका गोष्टीवर आमचं वाजलं. मी वर्तमानपत्रातली, मला वडिलांचं वाक्य पहिल्या ओळीत हवं होतं. ती म्हणाली, नाही, शेवटी. का? "आधी सांगितलं तर वाटेल मी रडतेय. आधी वायरमनचं सांगते, मग पप्पांचं." मी दहा मिनिटं वाद घातला. ती बरोबर होती.

पाचव्या रविवारी पिशवीची चेन उघडली. तेव्हाही एकसष्ट खुणा केल्या नाहीत. तिच्या लेखात एक शब्द सारखा येत होता, आणि तो ती बरोब्बर उलटा लिहायची: 'विज' आणि 'वीजेचा'. तेवढंच घेतलं. अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षराची वेलांटी किंवा उकार दीर्घ, आणि विभक्ती लागली की ऱ्हस्व: वीज, विजेचा. फूल, फुलाला. गरीब, गरिबाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या तत्सम शब्दांचं वेगळं असतं, ते मुद्दामच सांगितलं नाही त्या दिवशी. तिनं स्वतःच्या लेखातून असे शब्द शोधून काढले: खांब नाही, तार नाही, झाड नाही... वीज, चूल, ऊस! चुलीत, उसाला! मंडईत ओळखीचं माणूस सापडल्यासारखी ओरडली. नियम तोच, पुस्तकातलाच. पण आता तिला त्या वेलांटीची गरज होती, कारण वीज तिची होती.

मग 'न' आणि 'ण'. मी म्हटलं, तू सांगतेस तिथं 'पाणी', 'म्हणते', कारण वार्षिक अंकाची ती रीत आहे. ती म्हणाली, "आणि पप्पांचं 'आन'? ते पण बदलायचं?" म्हटलं, त्याला हात लावायचा नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. "म्हणजे ते चूक नाही?" सव्वीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "ते त्यांचं बोलणं आहे. त्यात चूक काय असणार?" म्हणाले खरी, पण जीभ जरा अडखळली.

इथं शुद्धलेखनवाले माझ्यावर तुटून पडतील, आणि त्यांच्यातली निम्मी माझीच मित्रमंडळी आहेत. ऐका. साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनानं १९६२मध्ये मान्य केले, १९७२मध्ये आणखी चार आले, एकूण अठरा. ते मला झोपेत विचारा. त्यांच्यावर माझं पोट चाललंय. पण त्याआधी शब्दांच्या डोक्यावर न उच्चारलेले अनुस्वार देणं शुद्ध होतं, १९६२नंतर ते देणं अशुद्ध झालं. आणि मोडीत तर वेलांटी-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेदच पाळत नसत. विरामचिन्हं नाहीत, दोन शब्दांत जागासुद्धा नाही. त्या लिपीत मराठ्यांची राज्यं चालली, तह झाले, खजिन्यांचे हिशेब राहिले.

मला यात सगळ्यात जास्त आठवते ती मुक्ता साळवे. पुण्यात फुल्यांच्या शाळेतली, चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं निबंध लिहिला आणि तो १८५५मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. ज्या धर्मात आम्हाला धर्मपुस्तक वाचायचाही अधिकार नाही, तो आमचा धर्म कसा, असं त्यात थेट विचारलंय. आता कल्पना करा, तो कागद रविवारी सव्वादहाला माझ्या टेबलावर आलाय आणि लाल पेन उघडं आहे. मी पहिल्या ओळीत अनुस्वार मोजत बसले असते. दुसऱ्या खेपेला पोरीनं 'स्वच्छतेचे महत्त्व' आणलं असतं.

मात्र उलटंही घडतं, आणि हल्ली जास्त घडतं. गेल्या वर्षी एक मुलगा आला, विषय 'मोबाइल : शाप की वरदान'. दोन पानं छापून आणलेली. मी वाचलं आणि थक्क झाले. एकही वेलांटी चुकलेली नाही, 'तथापि', 'किंबहुना' जागच्या जागी. आणि एकही वाक्य त्याचं नाही. मोबाइलचे तोटे त्यानं मोबाइललाच लिहायला सांगितले होते. प्रूफ वाचणारी म्हणून मला त्यात करण्यासारखं काही नव्हतं. लाल पेनचा धंदा इथंच बसला म्हणायचा.

त्याला म्हटलं, कागद बाजूला ठेव. तू मोबाइल शेवटचा कशाला वापरलास? तो लाजला, म्हणाला, "पप्पांना फोन." वडील दुधाचा टेम्पो चालवतात, रात्री कराडहून निघून पहाटे मुंबईत. त्यांना झोप लागू नये म्हणून हा पोरगा तीन वाजता गजर लावून उठतो आणि त्यांच्याशी बोलत बसतो, कानात वायर घालून तिकडं ते, इकडं हा, खंडाळ्याचा घाट उतरेपर्यंत. (गाडी चालवताना फोनवर बोलू नये हे मलाही माहीत आहे. त्यालाही माहीत होतं. तेच तर त्याच्या निबंधाचं दुखणं झालं.) "काय बोलता रे?" "काही नाही. काल काय खाल्लं, मॅच कुणी जिंकली. कधी पप्पा गप्प झाले की मी गाणं म्हणतो."

पुढच्या रविवारी त्यानं हातानं लिहिलेलं एक पान आणलं. एकोणीस चुका. एवढ्या चुका बघून आनंद होण्याची माझी पहिलीच वेळ.

सगळ्या चुका शेवटासाठी ठेवता येतात असंही नाही. एका प्रकल्पात वाक्य होतं, "शेतकऱ्यांनी व्यापाऱ्यांना फसवले." मी दोनदा वाचलं. पुढची सगळी हकिगत उलटी होती. 'ना' आणि 'नी'ची अदलाबदल. तिथं पिशवी लगेच उघडावी लागते, कारण ते व्याकरण नाही, आरोप आहे. 'शिक्षक दीन' मात्र थांबू शकतो. शिक्षकांचं फार काही बिघडत नाही, कधीकधी तर खरंच असतं ते.

आणि एकदा मी नव्या धर्मात गेलेल्या माणसासारखी वागले, तेही सांगते. एक मुलगी पतसंस्थेतल्या नोकरीचा अर्ज घेऊन आली. मी आपलं सुरू केलं, तुला हीच नोकरी का हवीय, तुझ्याकडं वेगळं काय आहे, सांग बघू न बघता. पाच मिनिटं तिनं सहन केलं. मग म्हणाली, "काकू, उद्या साडेदहाला द्यायचाय. तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा ना." खरं होतं. अर्ज पंधरा ओळींचा, त्यात सांगायचं ते ठरलेलं, आणि समोरचा साहेब 'विनंति' बघून अर्ज बाजूला ठेवणारा असू शकतो. पेन काढलं, सहा मिनिटांत काम झालं. तिच्याइतकं समाधानानं त्या खोलीतून कुणी गेलेलं नाही.

तर पवनचक्कीवालीचा लेख. सहा रविवार गेले. शेवटचं प्रूफ मीच वाचलं, डीटीपीवाल्याकडून पीडीएफ मागवून, पडद्यावर अक्षरं मोठी करून. दोनदा. खालून वर वाचायचा प्रयत्न केला, पण जमेना. प्रत्येक ओळीला धुक्यातला पंखा ऐकू यायचा. एकदा तर वायरमनच्या परिच्छेदात मी चक्क रंगून गेले. मग "ठीक आहे, छापा" म्हणून कळवून टाकलं.

मार्चमध्ये ती अंक घेऊन आली. गुळगुळीत कागद, तिचा लेख एकतिसाव्या पानावर, 'सड्यावरचे पंखे'. वडिलांनी वाचून घेतला का विचारलं, तर म्हणाली आईनं वाचून दाखवला, ते ऐकत होते, शेवटचं वाक्य आल्यावर उठून बाहेर गेले आणि बिडी ओढून परत आले. मी पान उलगडून बघत होते. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत सरकून बसली आणि पानाच्या मध्यावर बोट ठेवलं.

"काकू, एक सांगू? रागावू नका. इथं 'विज' राहिलंय. आणि इथं. आणि पुढच्या पानावर पण एक. दीर्घ पाहिजे ना?"

मी चष्मा पुसला. तीन ठिकाणी होतं.